डाळीला उकळी येईस्तोवर

ज्याला त्याला हल्ली वेळ नाही. सुनेला नाही, भाच्याला नाही, आणि बँकेत बसून बसून पाठ धरलेल्या माझ्या जावयाला तर मुळीच नाही. "आई, व्यायामाचं पटतं हो, पण वेळ कुठून आणू?" असं तो म्हणाला, की मी त्याला विचारते, "बाबा, चुलीवर तुरीच्या डाळीला उकळी यायला किती वेळ लागतो?" तो बिचारा कुकरच्या शिट्ट्या मोजणारा माणूस, त्याला काय ठाऊक! मला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात माणूस घामानं न्हाऊन निघतो, मांड्या थरथरायला लागतात, आणि वर फोडणीचा लसूण सोलायलाही सवड उरते. बढाई वाटली तर वाटू दे. साठी ओलांडली तरी मी हात न टेकता जमिनीवरून उठते. शंका असेल त्यानं घरी यावं, चहा देईन आणि उठूनही दाखवीन.

हे शिक्षण मला माझ्या वडलांनी दिलं, अमरावतीला, पन्नास सालानंतरच्या पहिल्या वर्षांत. वडील कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात हमाल होते. मोहल्ल्यात आमच्याच लोकांनी उभा केलेला एक लहानसा आखाडा होता, कारण दुसऱ्यांच्या आखाड्यात आम्हाला कोण घेणार? वडील तिथले जुने गडी. पण कापसाचा हंगाम लागला की जिनात दोन दोन पाळ्या चालायच्या, आणि आखाड्यात जायला दिवस उरायचाच नाही. मग ते घरीच जोर-बैठकांना भिडायचे. आई भाकरी थापायला बसली, की तिच्यासमोरच्या हातभर जागेत. पहिली भाकरी तव्यावर पडली की सुरू, टोपलं भरलं की बंद. मधे पाणी नाही, गप्पा नाहीत, मिशीला पीळ देणं नाही.

"अवो, पिठात घाम पडून राह्यला!" आई ओरडायची.

"पडू दे. मिठाची बचत," वडील म्हणायचे, आणि पुन्हा खाली.

मी शेजारी उभी राहून नक्कल करायची. पोरीला आखाड्यात घेऊन जायची सोय नव्हती, पण घरात नक्कल करायला कुणाची मनाई? वडलांनी एक दिवस माझ्या पाठीवर हात ठेवून मला नीट जोर शिकवला. हात आणि पायाचे चवडे जमिनीला, कंबर वर, मग छाती जमिनीला घासत पुढे न्यायची आणि मान उचलून वर यायचं. वर येताना पोटातून 'हूं' करून श्वास बाहेर टाकायचा. या 'हूं'वर त्यांचा फार जीव. "तोंड मिटून जोर मारशीन तं दम छातीतच कोंडते," ते म्हणायचे. "थोडं कर, पन असं कर का हाडन् हाड जागं झालं पाह्यजे. सौ सोनार की, एक लोहार की."

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आखाड्यातली बजरंगबलीची तसबीर उतरली. तेव्हा मोहल्ल्यातल्या एका खवचट माणसानं वडलांना विचारलं, की आता बैठकाही सोडणार का? वडील म्हणाले, "देव सोडला बाबू, गुडघे नाई सोडले." मोहल्ला कितीतरी दिवस हे वाक्य एकमेकांना ऐकवत होता.

मॅट्रिक झाले, लग्न झालं, आणि मी अकोल्याला आले. मोर्णा नदीच्या अलीकडे जुन्या शहरात, एका बोळात आमच्या दोन खोल्या. नवरा सरकीच्या तेल मिलमध्ये फिटर, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. घरात सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच गेलेल्या. मामाजी सडकेच्या कामावर मुकादम होते, आता निवृत्त. अख्ख्या मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. दीक्षेनंतर बोळातला पहिला देव्हारा त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून मोर्णेत सोडला होता. रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर ते पोरांना पेपर वाचून दाखवत आणि सांगत, "देव अंगात येत नसते, ताप येते. अंगारा लावू नका, दवाखान्यात जा." आवाज असा खणखणीत, की आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचा.

मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, पण तात्पुरती. उन्हाळ्यात शाळा सुटली की माझी नोकरीही सुटायची आणि जूनमध्ये पुन्हा हात जोडायला जायचं. याचा मला संताप यायचा. शिकवायला मी कुणाहून कमी नव्हते! मग त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराला, हिवाळा सरता सरता, आमच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या फार मोजकं बोलत. म्हणाल्या, "शाळेला कवायतीची बाई नेमायची आहे. अमरावतीला सुट्टीत शिक्षणवर्ग असतो. आत घेण्याआधी अंगाची परीक्षा घेतात, जोर, बैठका, धावणं. तुम्ही वर्गात शिरलात तर जागा तुमची, कायमची. नाही तर बाहेरून बाई येईल, आणि मग तुम्हाला जूनमध्ये घ्यायला माझ्याकडे जागा उरणार नाही."

म्हणजे परीक्षा पास झाले तर जन्माची नोकरी, नाही तर कायमची घरी. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "होईन पास." बोलायला काय जातं! घरी येऊन दार लावलं, पदर खोचला आणि पहिला जोर मारायला गेले, तर थेट नाकावर पडले. मुलगी होऊन दोन वर्षं झाली होती. पोट सुटलेलं, दंड लोण्यासारखे. पडल्या पडल्या मला आधी हसू आलं आणि मग वडलांची आठवण येऊन रडू आलं. ते तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं.

वेळ कुठला काढायचा, हा प्रश्न होताच. सकाळची शाळा, दुपारी वह्या, धुणं, नळाची रांग, मुलगी, मामाजींचं पथ्य. मग वडलांचीच रीत उचलली. त्यांना भाकरी, मला डाळ. संध्याकाळी मामाजी विहाराकडे निघाले, की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. सासऱ्याच्या घरात सून जोर मारते, हे उघड्यावर करायची काही रीत नव्हती. चुलीवर डाळीचं पातेलं चढवायचं, तोंड चुलीकडे करायचं, कारण फेस उतू गेला तर चूल विझणार, आणि सुरू. जोर, लगेच बैठका, लगेच पुन्हा जोर. अंबाडा सुटून डोळ्यांवर यायचा म्हणून केस मोकळेच सोडायचे. मुलगी कधी पाठीवर चढून बसायची. बसू दे, फुकटचं वजन! फेस झाकणाला टेकला की थांबायचं, झाकण काढायचं, तोंड पुसायचं, आणि कुणी दारावर थाप मारली तर सभ्य सुनेसारखं पदर घेऊन उघडायचं.

पंधरवड्यात नाक जमिनीला लागायचं थांबलं. महिन्याभरात डाळ उकळायला उशीर लागला तर मीच वैतागायला लागले, की आता एवढा वेळ करू तरी काय? मग दोन्ही पायांच्या जागी एका पायावर बैठका सुरू केल्या. अंगात ताकद परत येताना कळते हो. नळावरची भरलेली घागर एका झटक्यात कमरेवर यायची. शाळेचा जिना चढताना मी मागच्या बाईंशी बोलत चढायची आणि त्या बिचाऱ्या वर पोचल्यावर उत्तर द्यायच्या. मला खातरी झाली, की ही परीक्षा मी खिशात घातली.

आणि इथेच माशी शिंकली.

एका शुक्रवारी आमच्या उंबऱ्यावर एक नारळ दिसला, हळदकुंकू लावलेला. मामाजींनी तो पायानं बाजूला केला आणि म्हणाले, "कोनाचा तरी चुकून राह्यला असन." मंगळवारी पुन्हा नारळ, बरोबर दोन लिंबं आणि हिरवा खण. मामाजींच्या कपाळावर आठी आली. पुढच्या शुक्रवारी आमची शेजारीणच दारात आली. ही काकू तेल्हाऱ्याकडची, शेतकरी घरातली, मनानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी. तिचं स्वयंपाकघर आणि आमचं, मधे फक्त एक टिनाची भिंत. मामाजी दारातच बसले होते. काकू डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाली, "बुवा, मास्तरीनबाईच्या अंगात येते तवा मले आत येऊ द्या ना. माही म्हैस लाथा मारून राह्यली, दूध काढू देत नाही. देवीले इचारायचं होतं."

मी आत भाकरी थापत होते. माझे हात तिथेच थांबले.

"कोनाच्या अंगात?" मामाजी.

"बाईच्या, तुमच्या सुनेच्या. रोज दिवे लागायच्या आंधी येते ना! केस मोकळे, चुलीपुढे लोटांगण घालते, उठते, आन् पुन्हा घालते. आन् घुमते तं अशी, बाप्पा बाप्पा, हूं... हूं... भिंतीतून आयकू येते. मी सोता खिळ्याच्या भोकातून पाह्यलं. पोरगी पाठीवर बसली तरी शुद्ध नसते!"

आता हसू येतं. तेव्हा मला चुलीत शिरावंसं वाटलं. वडलांचा तो लाडका 'हूं' देवीचा झाला होता, आणि त्यांचा जोर लोटांगण झाला होता! बरं, काकूचं चुकलं असंही म्हणता येईना. आमच्याकडे बाई दार लावून, केस सोडून, घामेजून 'हूं हूं' करते, ती फक्त एकाच कारणानं. व्यायाम हे कारण कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

मामाजींनी काकूला "चूक झाली तुमची" एवढंच सांगून वाटेला लावलं. मग आत आले. मी उभी राहिले, खाली मान घालून सगळं सांगितलं: मोठ्या बाई, अमरावती, परीक्षा, डाळ. मला वाटलं, कळलं की हसतील. ते हसले नाहीत.

"उद्यापासून बंद," ते म्हणाले.

"मामाजी, पण तो व्यायाम आहे!"

"मले समजलं. बोळाले समजलं का? मी ओट्यावर बसून सांगतो देव अंगात येत नाही, आन् माह्याच घरी नारळ येऊन राह्यले! उद्या पोरं मले काय म्हनतीन?"

मी तोंडाची फटकळ, गप्प बसायला हवं होतं तिथे बसले नाही. "लोकांच्या डोक्यातल्या देवीसाठी मी माझी नोकरी सोडू?" असं म्हणाले. सासऱ्याला उलटून बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

ते चिडले नाहीत. खाटेवर बसले आणि जमिनीकडे बघत, ओट्यावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता अशा आवाजात म्हणाले, "तुह्या सासूच्या अंगात येते असं लोक म्हनत. मीबी म्हनत होतो. तापानं बडबडत होती ती, आन् आमी लिंबं कापत बसलो. सकाळी गेली. तवापासून मी देवाचं नाव घेतलं नाही, ते काही कोनाचं भाषन आयकून नाही. या घरात पुन्हा कोनी हात जोडून 'अंगात येते का' असं इचारायला आलं, ते मले सहन होत नाही पोरी."

नवरा पाळीवरून आला, त्याला सांगितलं. माणूस चांगला, पण बापापुढे त्याची मान वर होत नसे. "पाहू," म्हणाला आणि जेवायला बसला.

दोन-तीन दिवस मी नुसती भांडी आपटत होते. डाळ उकळायची आणि मी तिच्यापुढे पाटावर ढिम्म बसून राहायची. परीक्षा तोंडावर आलेली. मामाजींचा राग येत नव्हता, हाच माझा घोटाळा. रागानं तरी अंगात काही चढलं असतं! त्यांचं दुःख मला कळत होतं आणि माझी नोकरी जाताना दिसत होती, आणि दोन्हींचं ओझं घेऊन मी चुलीत फुंकर मारत होते. शेवटी फुंकता फुंकताच डोक्यात उजेड पडला. देवी आली कुठून? टिनाच्या भोकातून! दार लावलं म्हणून देवी झाली. दार उघडं असतं तर काकूनं काय पाहिलं असतं? एक मास्तरीण, घामानं थबथबलेली. बस.

उन्हाळा लागला होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात आत स्वयंपाक करणं म्हणजे स्वतःच शिजणं. घरोघरी बायका चूल अंगणात काढायच्या. मीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात तीन दगड मांडले, सारवलं, पातेलं चढवलं. नळाला पाणी यायची तीच वेळ, बोळातल्या सगळ्या बाया घागरी घेऊन रांगेत. काकू सगळ्यांत पुढे. मी नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, केस मुद्दाम मोकळे सोडले, आणि मोठ्यांदा म्हणाले, "काकू, भोकातून काहून पाह्यता? या, समोरून पाह्या. हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे!"

आणि गेले खाली.

रांगेत कुजबूज. मी वर येताना 'हूं' केलं, तशी एक म्हातारी हात जोडायला लागली. मी जोर मारता मारताच ओरडले, "आजी, हात खाली! हा श्वास आहे, देवी नाही! तुमी जातं ओढता तवा हूं करता का नाही?"

"करते तं," म्हातारी म्हणाली.

"मग तुमच्या अंगात येते का?"

रांग खदखदून हसली. एकीचा हंडा कलंडला. काकूला मात्र पटेना. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग लोटांगन काहून?"

"लोटांगन घालणारी बाई पडून राह्यते काकू. मी पडते आन् उठते. उठून दाखवा तुमी!"

तेवढ्यात बोळाच्या टोकाला मामाजी दिसले. त्या दिवशी विहारातून लवकर परत आले होते. बाया एकदम भिंतीला लागल्या. त्यांनी बंद म्हणून सांगितलेलं मी चारचौघांत, भर अंगणात, कासोटा मारून करत होते. थांबावं का? थांबले असते तर आजूबाजूच्या डोळ्यांत पुन्हा देवीच झाले असते. सासरा आला तशी देवी पळाली, असं म्हणाले असते लोक. मी थांबले नाही. बैठका सुरू केल्या. पाय लटपटत होते ते थकव्यानं की भीतीनं, देव जाणे. तोंडात बसलेला शब्द आहे, जात नाही, आणि आज मामाजी असते तर त्यांनी यावरही टोकलं असतं.

ते अंगणात आले. माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. मग वाकून उपरण्यानं पातेल्याचं झाकण धरलं आणि बाजूला ठेवलं. फेस काठापर्यंत आला होता.

"डाळ उतू जाऊन राह्यली होती," ते म्हणाले. मग काकूकडे वळले. "पाह्यलं ना नीट? तिले दम लागला. देवीले दम लागत असते काय?"

"नाई बापा," काकू म्हणाली. जरा वेळानं तिनं हळूच मला विचारलं, "मास्तरीनबाई, माहे गुडघे लय दुखतात. याच्यातलं मले कोनतं जमन?" मी तिला भिंत धरून अर्ध्या बैठका दाखवल्या. म्हशीचं मात्र मला काही करता आलं नाही, ती पुढे तिनं विकली.

त्यानंतर मी अंगणातच भिडायची. मामाजी विहाराला जरा उशिरा निघायला लागले. खाटेवर पेपर धरून बसायचे, माझ्याकडे पाहायचे नाहीत, आणि फेस चढला की "झाकन!" एवढंच म्हणायचे.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नाही. मामाजी म्हणाले, "मी येतो." मुलीला काकूकडे ठेवलं, आणि आम्ही पहाटेच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठली. माझंच गाव, पण त्या दिवशी मला ते परकं वाटलं. मैदानावर कितीतरी मुली. कुणी नागपूरच्या, कुणी पुण्याकडच्या, पांढऱ्या सलवारी, पांढरे बूट. कासोटा मारलेली, अनवाणी, एका लेकराची आई मी एकटीच. दोघी माझ्याकडे बघून कुजबुजल्या. मी मनात म्हटलं, कुजबुजा, दम जपून ठेवा.

धावण्यात मी मधल्या मधे आले, खोटं कशाला सांगू? पायात बूट नव्हते आणि मुलीही तरण्या होत्या. मग जोर आले. परीक्षक बाई म्हणाल्या, जेवढे जमतील तेवढे, पण मधे थांबलात की संपलं. सगळ्यांबरोबर मी खाली गेले. वर येताना 'हूं' निघालाच. आजूबाजूला हशा पिकला. हसता हसता दोघीचौघी तर गळाल्याच, कारण हसत हसत जोर निघत नाही, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. तोंड मिटून मारणाऱ्यांचे चेहरे लाल झाले आणि त्याही एकेक करून बसल्या. मला डाळ दिसत होती. अजून फेस कुठे चढलाय, असं मी स्वतःला सांगत राहिले. शेवटी माझ्या बाजूला फक्त एक उंच मुलगी उरली, तीही थांबली, आणि मी आणखी थोडे मारून उठले. तिनं येऊन माझा हात दाबला. मोठ्या मनाची पोर.

मग ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे वर्गाचे प्रमुख बसले होते, वयस्क गृहस्थ, बोलायला सौम्य. बाजूला परीक्षक बाई. मी उभी, आणि मामाजी दाराशी टोपी हातात घेऊन. प्रमुखांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मामाजींकडे वळून बोलायला लागले, "तुमच्या सुनेचं काम चांगलं आहे. पण सुट्टीभर तिला इथं राहावं लागेल, घरी लहान मूल आहे म्हणता. पुढे नोकरीत चारचौघांत, पुरुष मास्तरांसमोर कवायत करावी लागेल. मागून घरचे लोक बोलावून नेतात आणि आमची जागा वाया जाते. तेव्हा तुम्हीच सांगा. तुमची हरकत नसेल तर नाव घेतो."

डाळ, अंगण, मैदान, सगळं करून झालं होतं, आणि आता माझी नोकरी दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या 'हो'वर येऊन थांबली होती. मामाजींनी झाकण काढलं होतं, पण तोंडानं हो कधीच म्हटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दार सोडून टेबलापाशी आले.

मग म्हणाले, "साहेब, मले काहून इचारता? ती इथंच उभी आहे."

"नाही, पण घरातले वडील म्हणून..."

"वडील म्हनूनच सांगतो." मामाजी म्हणाले. "माही बायको तापात पानी मागत होती. आमी म्हटलं, देवी मागून राह्यली, आन् पानी देवीपुढं ठेवलं. तिले कोनं इचारलं नाही. आता पुन्हा घरच्या बाईचं मी नाई सांगत. तिलेच इचारा."

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. मग प्रमुख माझ्याकडे वळले, खुर्चीत नीट सरळ बसले, आणि म्हणाले, "तुम्ही सांगा, बाई."

मला तोवर कुणी कधी विचारलं नव्हतं. मॅट्रिकला बसवायचं की नाही, हे वडलांना विचारलं होतं. लग्न ठरलं तेव्हाही वडलांनाच विचारलं होतं. शाळेत लागले तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं. मी म्हणाले, "मला यायचंय." आणि सासऱ्यासमोर जिनं कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती मी तिथे उभ्या उभ्या हमसून रडले, आणि साहेबांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून रडता रडताच पुन्हा सांगितलं, मला यायचंय.